तलावांच्या मुलखात तीन दिवस : नवेगावबांध, पवनी, इटियाडोह – बेत तपासून द्याल का?

कोरांटी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन भंडारा-गोंदियाकडे जायचं ठरलंय. मी, बाबा (वय ७४) आणि माझी अकरा वर्षांची लेक. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या कालव्यांवर गेली. विदर्भातले जुने मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार, त्यांच्या ताब्यातले) बघायचे राहून गेले, हे गेली दहा वर्षं ऐकतेय. मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी काढल्या दिवशीच म्हणाले, "आता स्पष्ट दिसतंय, तर ते तलाव दाखव." म्हणून हा घाट.

पहाटे रेल्वेनं नागपूर, तिथून गाडी भाड्यानं. तिसऱ्या दिवशी रात्री नागपूरहून परत. मी केलेला कच्चा बेत असा: पहिल्या दिवशी भंडारा, अंबागड किल्ला आणि गोंदियात मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे नागझिऱ्यात सफारी, दुपारी नवेगावबांध, संध्याकाळी इटियाडोह धरण. तिसऱ्या दिवशी प्रतापगड (साताऱ्याचा नव्हे, तिकडचाच), पवनी, नागपूर. सारस पक्षीही दिसले तर लेक खूश होईल.

बाबांचे गुडघे फार साथ देत नाहीत, सपाटीवर मात्र ते तासभर आरामात चालतात. बेत जमेल का? काय गाळू, काय ठेवू?

---

आडवाट

कोरांटी, स्पष्ट सांगतो. हा बेत तुम्ही केलात तर बाबांना तलाव गाडीच्या काचेतून दिसेल. अंबागड उत्तरेला तुमसरच्या बाजूला, नवेगावबांध पार दक्षिणेला, पवनी नैऋत्येला वैनगंगेच्या काठी. तीन दिवसांत तुम्ही दोन जिल्ह्यांना प्रदक्षिणा घालताय.

अंबागड छान किल्ला आहे, गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळातला. पण चढ आहे आणि गुडघ्यांचं तुम्हीच लिहिलंय. तो गाळा. गोंदियाचा मुक्कामही गाळा. नवेगावबांधला दोन रात्री राहा आणि तिथून फिरा.

---

रानमोगरा

नागझिरा मात्र गाळू नका असं मी म्हणेन! इतक्या जवळ जाऊन जंगल न बघता परतायचं? लहान मुलीला वाघ दिसला तर आयुष्यभर लक्षात राहील. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, जंगल फार सुंदर आहे, ताडोब्यासारखी गर्दी नाही.

---

आडवाट

रानमोगरा, जंगल सुंदर आहे यात वादच नाही, मी स्वतः चारदा गेलोय. पण सफारी म्हणजे पहाटे चारला उठणं, उघड्या जिप्सीत डिसेंबरची थंडी आणि तीन-चार तास धक्के. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्यानंतर दुपारी कशातच रस उरत नाही. ते चाललेत तलाव बघायला. त्यांचा दिवस तलावालाच द्यावा.

---

झाडीकर

हा धागा पाहून राहवलं नाही, म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आमच्या घराच्या मागच्या दारातून तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा बांध, दिसते.

ताई, तुमचे बाबा जे शोधताहेत ते कुठल्या एका "पॉइंट"वर नाही. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही (गोंदिया १९९९ साली वेगळा झाला, पण तलावांना त्याचं काय!). मोठा असेल तर तलाव किंवा बांध, लहान असेल तर बोडी. सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी तलाव', त्याचंच लोकांनी केलं 'मामा तलाव'.

हे तलाव मुख्यतः कोहळी समाजानं बांधले, गोंड राजांच्या काळात. आमच्याकडे म्हातारे सांगतात की राजा काशीला गेला, तिथे या लोकांचं पाण्याचं काम पाहिलं आणि त्यांना इकडे घेऊन आला. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा राजाचा शब्द. ही गोष्ट प्रत्येक गावात थोडी निराळी ऐकायला मिळते. पण नवेगाव बांध, सिवनी बांध, सिरेगाव बांध ही कोहळ्यांची कामं, हे गॅझेटियरमध्येही नोंदलेलं आहे. इंग्रजांनी नवेगावच्या तलावाचा परीघ १७ मैल लिहून ठेवलाय.

नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला असं मानतात. पाणी अडवलं ते डोंगरांच्या मधल्या खिंडींमध्ये बांध घालून. भोवती सात टेकड्या, त्यांना आम्ही सात बहिणी म्हणतो. कोलू पाटलांची पुढे कोलासूर म्हणून पूजा सुरू झाली, आजही होते. ज्यानं पाणी अडवलं तो देव झाला. बाबांना हे नक्की सांगा, पाटबंधारेवाल्या माणसाला बरं वाटेल.

आता कामाचं. मोठा तलाव बघालच, पण एक सकाळ छोट्या गावातल्या तलावावर काढा. नवेगावबांध ते अर्जुनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठेही आत वळा, प्रत्येक गावाला आपला तलाव आहे. पाळीवर चढायला सहसा सौम्य चढाची वाट असते, गुडघ्यांना जड जात नाही. वर गेलात की सपाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तिथे उभं राहिलं की सगळा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

---

कोरांटी

झाडीकर दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. "ज्यानं पाणी अडवलं तो देव झाला" पाशी त्यांनी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग विचारतात, सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर सोडायची वाट) कुठून काढलाय? लेव्हल कशी घेतली असेल? पाळ मातीची की आत काही चिणलंय? मला यातलं काहीच येत नाही. लिहाल का थोडं?

---

झाडीकर

मी इंजिनिअर नाही, शेतकरी आहे. माझ्या भाषेत सांगतो.

पाळ मातीची. पाण्याच्या बाजूनं दगड लावलेले, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. बाहेरच्या बाजूला गवत आणि झाडं. पाळ सरळ नसते, जमीन जशी वळली तशी ती वळते. सांडवा शक्यतो पाळीच्या टोकाला, जिथे मुळातच कडक मुरूम किंवा खडक आहे तिथे, म्हणजे पाणी जाताना पाळीला धक्का लागत नाही. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्या खालच्या बोडीत, अशी साखळी. वरचा तलाव भरला की खालचं गाव ओळखतं, आता आपली पाळी.

लेव्हलचं माझे आजोबा सांगायचे, की जुने लोक दोन-तीन पावसाळे नुसते बघायचे. पहिला पाऊस पडला की शिवारात उभं राहायचं आणि पाणी कुठून धावतं, कुठे थबकतं ते पाहून खुंट्या मारायच्या. यंत्र हेच.

आणि तलाव म्हणजे फक्त सिंचन नाही. ढिवरांची मासेमारी त्यावर, गुरांचं पाणी त्यावर, पाणी ओसरलं की काठच्या ओल्या मातीत गाळपेर. पाण्यात आपोआप उगवणारा तांदूळ असतो, त्याला देवधान म्हणतात. कोणी पेरत नाही म्हणून देवाचा. उपासाला चालतो.

दुखणंही लिहितो, कारण ते तुम्हाला दिसेलच. १९५० साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. ते व्हायलाच हवं होतं, मालगुजारीत रयतेनं कमी सोसलं नाही. पण पूर्वी दरवर्षी पाळीवर माती टाकायला, पाट साफ करायला गाव उतरायचं, ते थांबलं. शंभर हेक्टरपर्यंत जमीन भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारेकडे, आणि दुरुस्तीचा कागद फिरत राहतो. गाळ साचला, बेशरमची झाडं माजली, काही ठिकाणी तलावाच्या पोटात अतिक्रमण. अलीकडे काही गावांत ढिवर संस्थांनी आणि बायांनी पुढे होऊन बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत येऊ लागले. असं गाव वाटेत लागलं तर जरूर थांबा.

---

निळीशाई

सुरेख धागा! पवनीबद्दल मी लिहिते, कारण पवनीला लोक अर्ध्या तासात उरकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पवनी वैनगंगेच्या काठचं प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं मिळून इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते ती टेकडी म्हणजे बौद्ध स्तूप निघाला. व्यास ४० मीटरहून जास्त, म्हणजे सांचीच्या मुख्य स्तूपापेक्षाही मोठा. दगडी कठड्याचे कोरीव खांब मिळाले, ब्राह्मी लेख मिळाले. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे, खाली आसन, आणि आसन रिकामं. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत अजून सुरू झाली नव्हती, त्या काळातलं हे काम. नागाचं नावही कोरलंय, मुचलिंद. बुद्धावर पावसात फणा धरणारा तो नाग.

पण एक लक्षात ठेवा, हे कोरीव खांब टेकडीवर बघायला मिळतील असं समजून जाऊ नका. जागेवर आहे ती मुख्यतः विटांची रचना आणि मातीचा उंचवटा. आधी थोडं वाचून, फोटो बघून गेलात तर ती जागा बोलते. शिवाय गावाभोवती जुनी मातीची तटबंदी, खंदक आणि दगडी दरवाजा आहे. त्या दरवाज्यातून आजही वाहनं जातात. नदीवर घाट आहेत, देवळं तर इतकी की मोजत बसाल. बाबांना सगळीकडे फिरवू नका. दरवाजा, टेकडी आणि संध्याकाळ होण्याआधी घाटावर अर्धा तास, बस.

क्रम बदला. नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे पहिल्याच दिवशी पवनी, मग वैनगंगा ओलांडून लाखांदूर, अर्जुनी करत नवेगावबांध. परतताना साकोली-भंडारा महामार्गानं या. एकच रस्ता दोनदा होत नाही.

---

रानमोगरा

निळीशाई, तुमचा क्रम मला पटला. नागझिऱ्याचा हट्ट सोडते. :) कोरांटी, लेकीसाठी एक सांगू? दुर्बीण न्या. नवेगावच्या तलावावर थंडीत पाहुणी बदकं उतरतात. वाघाच्या मागे धावण्यापेक्षा काठावर बसून दुर्बिणीतून बदकं मोजायला मुलांना जास्त मजा येते, हा माझ्या भाच्यांचा अनुभव आहे.

---

कोरांटी

आणि सारस? :(

---

झाडीकर

सारस प्रामुख्यानं गोंदिया शहराच्या आसपासच्या तलावांवर आणि धानाच्या शेतात, तुमच्या वाटेत नाही. फार थोडे उरलेत. जोडीनं राहतात, बांधीतच घरटं करतात. शेतकरी घरट्याभोवतीचं धान सोडून कापणी करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटोसाठी लोक जवळ जातात तेव्हा जीव तुटतो. पुढच्या वेळी गोंदियात मुक्काम करून खास सारसांसाठी या, लांबून बघा.

---

आडवाट

मुक्कामाबद्दल. तलावाजवळ पर्यटक निवास आणि वनखात्याची विश्रामगृहं आहेत. मागच्या वर्षी एका ठिकाणी माझं आरक्षण कागदावर होतं आणि खोली दुसऱ्याला दिलेली. रात्री नऊला कुटुंबासह दारात उभे होतो. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी फोन करून नाव पुन्हा सांगा आणि पावती छापून जवळ ठेवा. बाबांसाठी तळमजल्याची खोली मागा.

रात्रीचा गारठा पुण्यापेक्षा जास्त वाटतो, पाण्याजवळ तर हाडात शिरतो. कानटोपी विसरू नका. रोख पैसे जवळ असू द्या, आत गावांत नेटवर्क मिळेलच असं नाही.

---

मांडव

कुणी झाडीपट्टी नाटकाचं (झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा हा जंगलपट्टा) कसं नाही लिहिलं अजून! दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, डिसेंबर म्हणजे अगदी भरात. वडसा गाव म्हणजे इथल्या नाटक कंपन्यांची पेठ. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) असली की रात्री नाटक ठरलेलंच. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटेपर्यंत चालतं, मध्ये गाणी, लावणी, आणि पुढे बसलेल्या आजीबाई खलनायकाला तोंडावर शिव्या देतात. पंचक्रोशीतले पाव्हणे नाटकाच्या निमित्तानं गावात येतात, त्या रात्री घराघरात चूल उशिरापर्यंत पेटलेली असते.

पूर्ण रात्र बसायची गरज नाही. पहिला अंक बघा आणि खोलीवर परत या. तुम्ही वारसा बघायला निघालात ना, मग हाही धरा त्यात. नवेगावबांधला चहाच्या टपरीवर विचारा आज कुठे नाटक आहे, लगेच कळेल.

---

कोरांटी

सगळ्यांचे आभार. शेवटचा बेत असा:

पहिला दिवस पवनी, संध्याकाळी नवेगावबांध. दुसरा दिवस सकाळी छोट्या गावाचा तलाव, दुपारी आराम, संध्याकाळी मोठा तलाव. रात्री जमलं तर नाटक. तिसरा दिवस इटियाडोह, मग महामार्गानं नागपूर. प्रतापगड गाळला.

इटियाडोह बाबांसाठी ठेवलंय. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० चं, म्हणजे त्यांच्या पिढीच्या आधीच्या साहेबांनी बांधलेलं. जुनी पाळ आणि नवं धरण एकापाठोपाठ बघायचंय म्हणतात.

---

झाडीकर

इटियाडोहला जाताना गोठणगावजवळ तिबेटी वसाहत लागते. सत्तरच्या दशकात आलेली माणसं, आता तिसरी पिढी. मुलं झाडीबोली आपल्यासारखीच बोलतात. लेकीला मठ दाखवा, आत जाताना चपला बाहेर.

आणि ताई, छोट्या तलावाचं म्हणालात ना. आमच्याच गावी या. मी सकाळी पाळीवर असेन. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

कोरांटी

परत आलो. काल रात्री घरी पोचलो, आज लगेच लिहायला बसलेय.

पवनीच्या दरवाज्यापाशी उतरलो तेव्हा बाबांनी आधी दगड बघितले आणि मग खाली वाकून खंदकाचा उतार. टेकडीवर निळीशाईंनी सांगितलं तसंच झालं. फोटो छापून नेला होता, रिकाम्या आसनाचा. लेकीनं तो हातात धरून विटांच्या बाजूनं पूर्ण फेरी मारली आणि पावलं मोजली. घाटावर अर्ध्या तासाचा दीड तास झाला, कारण नदीवरून कुणालाच उठवेना. नवेगावबांधला पोचेपर्यंत अंधार पडला होता. खोली तळमजल्याची मिळाली, आडवाट, फोन केला म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी झाडीकर दादांच्या गावी. सकाळचे सात वाजले होते, पाण्यावर धुकं, आणि त्यातून दोन ढिवर डोंग्यात उभे राहून जाळं ओढत होते. बाबा पाळीवर चढले, काठी न घेता. मग त्यांनी माझ्या हातातून पाण्याची बाटली घेतली, पाळीच्या उतारावर ठेवली, आणि डोळा बारीक करून तिच्याकडे बघत बसले. उताराचं प्रमाण असं बघतात म्हणे. नंतर आतल्या बाजूचे दगड. एक दगड बोटांनी चाचपत म्हणाले, चुना नाही, काही नाही, नुसता एकमेकांत बसवलाय. सांडव्यापाशी खडकावर पाण्यानं घासून केलेली गुळगुळीत पन्हळ होती. तिच्यात हात घालून कितीतरी वेळ बसले.

दादांच्या शेजारचे एक आजोबा तिथे आले होते. दोघांचं वय जवळपास सारखं. बाबांनी विचारलं, दुरुस्तीला गाव शेवटचं कधी उतरलं होतं? ते म्हणाले, "मी पोरगा होतो जी. डोक्यावर पाटी होती." मग दोघं सांडव्यावरच बसून राहिले. खालच्या बोडीकडे जाणारा पाट मध्ये बुजलाय, तो कुठून मोकळा करता येईल याची चर्चा. बाबांनी लेकीच्या वहीचं पान फाडून नकाशा काढला, आजोबांनी बोटानं दुरुस्त केला. "इथून नाही, पावसात पाणी इकडून पलते." बाबांनी खोडून पुन्हा काढला. जेवायची वेळ झाली तरी उठले नाहीत.

त्या घरी देवधानाची खीर मिळाली. तांदूळ लालसर, दाणा लांब. लेकीनं दोनदा मागून घेतली.

मोठा तलाव संध्याकाळी बघितला. पाणी इतकं की पलीकडची टेकडी निळी दिसते. लेकीनं सात बहिणी मोजायचा प्रयत्न केला, तिच्या पाचच झाल्या. बदकं मात्र दोनशे बारापर्यंत मोजली आणि मग ती सगळी एकदम उडाली.

नाटकाचा पहिला अंक बघायचा म्हणून गेलो, बाबा दुसऱ्या अंकापर्यंत उठले नाहीत. त्यामुळे तिसऱ्या दिवशी उशीर झाला. इटियाडोह धावतपळत आणि मठ बाहेरूनच. त्याची थोडी हळहळ आहे.

झाडीकर दादा, बाबांनी तो पाटाचा नकाशा घरी आल्या आल्या मोठ्या कागदावर नीट उतरवलाय. विचारताहेत, पोस्टाचा पत्ता कोणता, आणि मार्चमध्ये पाणी उतरल्यावर पाटाचं तोंड उघडं पडेल का?

---

झाडीकर

पडेल. काका, मार्चच्या शेवटी या. फावडी आमच्याकडे आहेत.